अनुभव धागा : न सांगता केलेली दुरुस्ती आणि तिचं बिल (कोल्हापूर व आसपास)

धागाकर्ती, राजारामपुरी

गाडी, फ्रिज, पंप, मोबाईल, काहीही दुरुस्तीला दिलं आणि आपण न सांगितलेल्या कामाचं बिल हातात पडलं, असं कुणाकुणाचं झालंय? इथं लिहा. दुकानाचं नाव नको, पेठ किंवा गाव चालेल. रक्कम किती, तुम्ही काय बोललात, शेवटी किती द्यावे लागले, हे मात्र जरूर लिहा. नुसतं ‘लुटलं हो’ वाचून दुसऱ्याला काही उपयोग नाही.

सुरुवात मीच करते. स्कूटर सर्व्हिसिंगला दिली. ऑइल बदला आणि मागचा ब्रेक घट्ट करा, एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी बिल २,८६० रुपये. बेल्ट नवा, रोलर नवे. “वहिनी, बेल्टला चिरा पडल्या होत्या, वाटेत तुटला असता.” असेल खरं. पण मग माझा फोन नंबर कशाला लिहून घेतला होता? जुना बेल्ट दाखवा म्हटलं तर भंगारात गेला म्हणे. अर्ध्या दिवसात भंगार! शेवटी रोलरचे पैसे वगळले, बेल्टचे घेतले.

खरी अडचण वेगळीच आहे. तो दुकानदार माझ्या दिरांचा वर्गमित्र. कोल्हापुरात कुठलंही शटर वर करा, आत कुणीतरी ओळखीचं निघतंच, आणि ओळखीच्या माणसाला ‘आधी लिहून द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही.

ऊसवाला, कागल तालुका

ताई, आमचं पाच एचपीचं सबमर्सिबल (पाण्यात सोडायचा मोटार-पंप) एप्रिलात जळालं. ऊस वाळायला लागलेला. उद्यमनगरात नेऊन टाकलं. वाइंडिंगचे, म्हणजे मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचे, साडेपाच हजार ठरले. आणायला गेलो तर बिल ११,२००. बुश बदलले, थ्रस्ट बेअरिंग बदललं, वर पंपाचे इंपेलर पण नवे. मोटार दिलती वाइंडिंगला. पंप तिला जोडलेला होता म्हणून तोबी खोलला!

आता एक गोष्ट सांगतो, लई जणांना ठाऊक नसती. जळालेल्या वाइंडिंगमधनं जुनं तांबं निघतं आणि भंगारात त्याला चांगला भाव असतो. ते तांबं कुणाचं, हे मोटार देतानाच ठरवायचं. काही दुकानदार मजुरीत वळतं करतात, काही बोलतच नाहीत. मी म्हटलं, “इंपेलर काढा, माझे जुने बसवा, आणि तांबं माझ्यासमोर तोला.” तांबं तोला म्हटल्यावर मालकाचा सूरच बदलला. आठ हजारावर मिटलं. इंपेलर राहू दिले, कारण जुने हातात घेऊन बघितले तर खरंच झिजलेले होते. तेच आधी दाखवलं असतं तर भांडण कशाला झालं असतं?

आणि दुकानात ऊस वाळायलाय म्हणून रडायचं नाही. आपली घाई कळली की बिल वाढतंय.

व्हीनस कॉर्नरजवळचा

माझा प्रकार २०२१ च्या जुलैमधल्या पुराचा. पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाणी. २०१९ ला बघितलेलं असल्यामुळं चावी फिरवली नाही, बॅटरीची वायर काढली आणि टो करून गाडी पाठवली. (पाणी गेलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्या आठवड्यात निम्म्या शहरानं तेच केलं.)

विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला, रक्कम मंजूर झाली. गाडी घ्यायला गेलो तर क्लेमच्या बाहेरचे १८,४०० वेगळे. खालच्या बाजूला कोटिंग, आतलं ‘डीप क्लीनिंग’, एसीचं निर्जंतुकीकरण. गॅरेजचा सल्लागार म्हणाला, “सर, पुराच्या सगळ्या गाड्यांना करतोय.” सगळ्यांना करताय, पण सांगितलंय किती जणांना? मी जॉब कार्डची (गाडी देताना कामं लिहून सही घेतात त्या कागदाची) प्रत मागितली. त्यावर माझी सही होती, पण सहीच्या वर ही कामं नव्हती. खाली वेगळ्या शाईत नंतर लिहिलेली. त्या कार्डाचा तिथंच फोटो काढला आणि मॅनेजरकडं गेलो. कोटिंग आणि एसीचे पैसे बिलातून गेले. क्लीनिंगचे मी दिले, कारण सीट काढून चिखल धुतल्याचं स्पष्ट दिसत होतं आणि ते काम कुणालाही करावंच लागलं असतं.

हॉस्टेलवाला

मोबाईलची स्क्रीन बदलायला दिलेली, बॅटरी पण बदलली. १,४०० जादा. जुनी दे म्हटलं तर दिली, रूमवर आणून बघितली तर फुगलेली होती. त्यामुळं गप बसलो.

उद्यमनगरचा फिटर

वाचायलोय केव्हापासनं. आमची बाजू पण ऐका.

इंजिनचं हेड उतरवल्याशिवाय आत काय झालंय ते ब्रह्मदेवालाबी दिसत नाही. धूर मारतंय म्हणून गाडी येती. बाहेरनं वाटतं व्हॉल्व्ह सील, खोललं की पिस्टन रिंग गेलेल्या, सिलिंडरला ओरखडे. मालकाला फोन लावला तर उचलत नाही. गाडी अर्धी खोलून पडली की माझी जागा अडती, दुसरी गाडी आत घेता येत नाही. मग काही जण काम करून मोकळे होतात. बरोबर हाय असं म्हणत नाही, पण होतं असं.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईकाचं बोलणं. “काय लागंल ते बघा मामा, तुम्हाला काय सांगायचं!” हे वाक्य रोज ऐकतो. त्या दिवशी विश्वास, आणि बिल बघितल्यावर मी चोर?

माझ्याकडं आता असं चालतंय. पावतीवर दोन आकडे: ठरलेल्या कामाचा एक आणि ‘याच्या वर गेलं तर विचारणार’ असा दुसरा. खोलल्यावर फोटो व्हॉट्सॲपवर. ‘करा’ असं उत्तर आलं तरच पाना लावायचा. उत्तर नाही आलं तर गाडी बाजूला. खोलायची मजुरी मात्र घेतो, पुढचं काम करा नाहीतर नको करा, आणि ते आधीच सांगतो. जुने पार्ट पोत्यात घालून डिकीत ठेवतो. बरेच जण म्हणतात कशाला घाण दिली. तरी ठेवतो.

धागाकर्ती

मामा, ‘दोन आकडे’ ही गोष्ट मला फार पटली. त्यात ओळखीचा संकोचच उरत नाही, पावती सगळ्यांना सारखीच. पण एक विचारते, सगळ्यांनाच: पैसे देत नाही म्हटल्यावर दुकानदार गाडीच सोडत नसेल तर?

ताराबाई पार्क, वकिली

अडवता येते, पण मर्यादेत. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०. ज्या कामासाठी वस्तू सोपवली, ते काम केल्याचा योग्य मोबदला मिळेपर्यंत कारागिराला ती ठेवून घेता येते. म्हणून ठरलेल्या कामाचे पैसे लगेच द्या, शक्यतो यूपीआयनं, आणि न सांगितलेल्या कामाबद्दल लेखी हरकत द्या. त्यानंतर वस्तू अडवायला आधार फारसा उरत नाही.

गाडीवाचून अगदीच अडलं असेल तर पूर्ण पैसे भरा, पण बिलावर ‘अमुक कामास संमती नव्हती, हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहून सही करा आणि फोटो काढा. गुपचूप भरून महिन्यांनी तक्रार केली की समोरचा म्हणतो, मान्य होतं म्हणून तर भरले.

नवा पार्ट नको असेल तर ‘काढून घ्या’ हे तिथल्या तिथं म्हणा. फुकट करायचा हेतू नसलेल्या कामाचा फायदा तुम्ही ठेवून घेतलात, तर त्याच कायद्याचं कलम ७० दुकानदार पुढं करू शकतो. ऊसवाल्यांनी नेमकं योग्य केलं.

पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. (हे लिहून मी स्वतःच्या पोटावर पाय आणतोय.) पावती न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ‘पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल’ ऐकून कच्च्या चिठ्ठीवर राजी होऊ नका. कच्ची चिठ्ठी घेऊन आयोगापुढं काय सिद्ध करणार?

रिक्षावाला, शिवाजी पेठ

वकीलसाहेब, माझी रिक्षा धंद्याची. मला चालतंय का हे ग्राहक आयोगाचं?

ताराबाई पार्क, वकिली

स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर चालतं. पाच रिक्षा भाड्यानं लावल्या असतील तर अवघड.

रिक्षावाला, शिवाजी पेठ

एकच हाय, आणि मीच चालवतो. क्लच प्लेट सांगितलेली, प्रेशर प्लेट पण घातलीय, १,९०० जादा लावलेत. रिक्षा अजून गॅरेजातच हाय. क्लचचे पैसे आत्ता जाऊन देतो आणि हरकत लिहितो. जुनी प्रेशर प्लेट मागून घेऊ का राहू दे?

उद्यमनगरचा फिटर

आधी तीच माग. आणि घेऊन ये माझ्याकडं, घासलीय का नाही ते बघून सांगतो. घासली असंल तर मात्र पैसे द्यायचे, मग भांडायचं नाही.