नदी दोनशे मीटर दूर, तरी परसात पाणी : लँबर्नच्या खोऱ्यात घर घ्यावे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षे रेडिंगमध्ये भाड्याने राहत आहोत आणि आता पश्चिम बर्कशरमध्ये, लँबर्न नदीच्या खोऱ्यात ग्रेट शेफर्डच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात, जुने विटांचे घर आम्हाला पसंत पडले आहे. पहिल्यांदा ते सप्टेंबरात पाहिले, तेव्हा गावातल्या पुलाखाली नदीच नव्हती. पात्रात गवत वाढलेले होते. परवा फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तर तेच पात्र काठोकाठ वाहत होते, पण पाणी काठाच्या आत होते आणि घरापासून नदी दोनशे मीटर तरी दूर आहे.

मनात शंका आली ती परसामुळे. पाऊस थांबून पाच दिवस झाले होते, तरी परसाच्या सखल कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेले होते, आणि तेही इतके नितळ की खालची गवताची पाती मोजता यावीत. शेजारच्या घराच्या तळघराच्या खिडकीतून मनगटाएवढा जाड निळा पाइप बाहेर काढून रस्त्याकडेच्या चरात सोडलेला होता आणि त्यातून अखंड पाणी पडत होते. आत पंपाची घरघर ऐकू येत होती. एजंटचे म्हणणे असे की या घरात नदीचे पाणी कधीही आलेले नाही. सरकारी नकाशातही हे घर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, पट्ट्यात येते. माझी आई कोल्हापूरकडची आहे, तिला व्हिडिओ कॉलवर परस दाखवला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अगं, जमीन उपळली आहे.”

हे पाणी नक्की येते कुठून, पाऊस थांबल्यावर ते ओसरेल की वाढेल, आणि घर घेण्यापूर्वी आम्ही काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भूस्तर

तुमच्या आईंचे निदान बरोबर आहे, आणि एजंटही खोटे बोलत नाही. घरात नदीचे पाणी आलेले नसेल. तुम्ही पाहिलेले पाणी जमिनीखालचे आहे. पुराचे पाणी गढूळ असते, कारण ते माती ओढून आणते. भूजल दगडातून गाळून वर येते, म्हणून ते नितळ असते. शेजारच्या पंपाचे पाणीही स्वच्छ होते का, हे आठवून पाहा.

लँबर्नचे खोरे चॉकच्या, म्हणजे खडूच्या दगडाच्या, टेकड्यांमध्ये आहे. या दगडात पोकळी पुष्कळ असते, पण तिची छिद्रे इतकी बारीक असतात की त्यांतले पाणी हलत नाही, ती कायम भिजलेलीच राहतात. पाण्याची खरी ये-जा भेगांमधून होते आणि भेगांचा वाटा दगडाच्या आकारमानाच्या जेमतेम एक टक्का धरतात. याचा परिणाम साध्या भागाकाराने कळतो : १० मिलिमीटर पाऊस खोलवर मुरला, तर भूजलाची पातळी सुमारे एक मीटर वर चढते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातही अशीच कमी जागा असते, त्यामुळे श्रावणात बघता बघता विहिरी तुडुंब होतात. तोच प्रकार येथे हिवाळ्यात घडतो. वेस्ट ससेक्समधल्या चिल्ग्रोव्ह येथील विहिरीची पातळी १८३६ पासून नोंदवलेली आहे आणि तिच्यातला चढउतार चाळीस मीटरच्या घरातला आहे. जानेवारी १९९४ मध्ये ती विहीर तोंडातून ओसंडली आणि त्याच सुमारास खाली चिचेस्टर शहरात एरवी नगण्य असलेल्या लव्हंट नदीने रस्ते बुडवले.

हिवाळाच का, असे तुम्ही विचाराल. उन्हाळ्यात या देशात पाऊस पडतो, पण तो झाडे आणि ऊन पिऊन टाकतात. शरद ऋतूतला पहिला पाऊस कोरडी माती भरण्यात खर्च होतो. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत माती तृप्त झाली, की त्यापुढे पडणारा बहुतेक पाऊस सरळ खाली उतरतो. तो भूजलापर्यंत पोहोचायला आठवडे लागतात आणि टेकडीखालून दरीकडे सरकायला आणखी काही आठवडे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की पाऊस थांबला म्हणून पाणी ओसरेलच असे नाही, ते आणखी पंधरा दिवस चढतही राहू शकते. नदीचा पूर पाहुण्यासारखा येतो आणि दोन-चार दिवसांत जातो. हे पाणी मात्र भाडेकरूसारखे मुक्काम ठोकते. २०००च्या शरद ऋतूतल्या विक्रमी पावसानंतर चॉकच्या प्रदेशातल्या काही गावांत ते वसंत ऋतूपर्यंत हटले नव्हते.

सप्टेंबरात तुम्हाला नदी दिसली नाही, हेही याच गोष्टीचे दुसरे टोक आहे. अशा हंगामी प्रवाहाला इंग्लंडात ‘विंटरबोर्न’ म्हणतात. भूजल पात्राच्या तळापर्यंत चढले की प्रवाह सुरू होतो आणि उतरले की आटतो. झऱ्यांचे उगमस्थान दर हिवाळ्यात दरीत वर वर सरकत जाते. ते जेव्हा नेहमीच्या पात्राच्याही वर किंवा बाजूच्या सखल जागी फुटते, तेव्हा लोकांच्या परसात, तळघरात आणि स्वयंपाकघराच्या फरशीखाली झरे उमलतात. तुमच्या परसाचा सखल कोपरा बहुधा अशाच जागी आहे.

नकाशाविषयी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. घरबांधणीच्या परवानगीसाठी वापरले जाणारे ते पट्टे केवळ नदी आणि समुद्र यांच्या पुराचे आहेत. तिसऱ्या पट्ट्यात नदीचा पूर येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का किंवा अधिक, दुसऱ्यात ०.१ ते १ टक्का आणि पहिल्यात त्याहून कमी असते. भूजल त्यात मुळी मोजलेलेच नाही. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा भूजल-पुराच्या प्रवणतेचा नकाशा वेगळा आहे. वकिलाकडून जो पर्यावरणविषयक शोध-अहवाल येईल, त्यात भूजलाचा स्वतंत्र रकाना आहे का, हे आधी पाहा.

कृष्णाकाठ

मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे पूर म्हटला की आयर्विन पुलावरचे फूट मोजत मोठा झालो. ऑक्सफर्डमध्ये बॉटली रोडच्या आसपास घर घेतले तेव्हा मला वाटले होते, या रिमझिम पावसाच्या देशात कसला पूर येणार! पुढे आकडे पाहिले तेव्हा ओशाळलो. २०१३-१४चा हिवाळा इंग्लंड आणि वेल्समधल्या १७६६ पासूनच्या नोंदींत सर्वांत ओला होता. तीन महिन्यांचा पाऊस सुमारे ४५५ मिलिमीटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे मुंबईच्या त्या एका दिवसाच्या निम्म्या पावसाने, तीन महिने झिरपत झिरपत, थेम्सकाठची डॅचेट, रेझबरी ही गावे पाण्यात घातली आणि सॉमरसेटच्या सखल मैदानातली सुमारे ६५ चौरस किलोमीटर जमीन बुडवली. मचेल्नी गावाचा रस्ता तर अनेक आठवडे बंद होता, लोक होडीने ये-जा करत होते. तिथले कारण आणखी वेगळे आहे, शेते भरतीच्या पातळीखाली आणि नद्या बांधांमधून शेतांपेक्षा उंचावर वाहणाऱ्या. पण तो विषय येथे नको.

आमच्या गल्लीत चॉक नाही, थेम्सने पूर्वी आणून टाकलेली वाळू आणि खडे आहेत. तेथे भूजल आणि नदी या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये नदी गल्लीच्या टोकाला असतानाच आमच्या दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीखाली पाणी आले होते. मी दारात वाळूच्या पिशव्या रचून रात्रभर जागा राहिलो आणि पहाटे गालिच्याचा कोपरा उचलून पाहिला, तर फळ्यांच्या फटीतून काळोखात पाणी चमकत होते, हातभर खाली. त्या रात्रीचा माझा सगळा शहाणपणा दारावर खर्च झाला होता आणि पाणी मात्र भिंतीच्या तळाशी हवेसाठी ठेवलेल्या जाळीच्या विटांच्याही खालून आले होते.

म्हणून रानजाई, घर पाहताना दारापेक्षा जमीन पाहा. प्लगचे सॉकेट कमरेएवढ्या उंचीवर बसवलेले आहेत का? तळमजल्याला लाकडी फळ्यांऐवजी दगडी फरशी आहे का? कोपऱ्यात झाकणाखाली पंपाचा खड्डा आहे का? या खुणा दिसल्या तर घाबरू नका. त्यांचा अर्थ इतकाच की आधीच्या मालकाला पाणी माहीत होते आणि त्याने त्याची सोय केली होती. मला उलट भीती वाटते ती नुकताच रंग दिलेल्या, नवा गालिचा टाकलेल्या घराची.

आणखी एक सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. तळघरात पाणी भरले तर घाईघाईने सगळे उपसू नका. बाहेरची ओली जमीन भिंतींवर दाब देत असते आणि आतले पाणी तो दाब तोलून धरते; ते एकदम काढले तर जुनी भिंत आत येऊ शकते.

टेकडीवरचा

मी स्पष्टच बोलतो, हे घर घेऊ नये. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, आणि १०० वर्षे म्हटले की लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात दरवर्षी एक टक्का शक्यता असली, तरी तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात किमान एकदा पाणी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. तुमच्या परसात तर पाणी आजच उभे आहे. विकायला काढाल तेव्हा पुढचा ग्राहकही फेब्रुवारीतच येईल.

भूस्तर

टेकडीवरचा यांचे गणित बरोबर आहे, परंतु ते परसाला लावून उपयोग नाही. परसात पाणी येणे आणि घरात पाणी येणे यांत उंबऱ्याच्या उंचीचा फरक असतो आणि चॉकच्या दरीत तोच फरक निर्णायक ठरतो. एकाच गल्लीतले एक घर दर दहा वर्षांनी भिजते आणि समोरचे शंभर वर्षांत भिजत नाही. परस दरवर्षी ओले होत असेल, तर मी तेथे भाजी लावणार नाही, एवढेच.

मात्र ड्रेनेजची चौकशी अवश्य करा. भूजल वर चढले की ते मैलापाण्याच्या जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून आत शिरते आणि वाहिनी त्या भूजलानेच भरून जाते. मग घर कोरडे असूनही संडासाची टाकी ओढण्याची चोरी होते. टेकडीखालच्या गावांत हिवाळ्याअखेरीस टँकर उभे दिसतात ते यासाठीच. लोक पाण्याचे फोटो काढतात, या गोष्टीचे कोणी काढत नाही, म्हणून ती खरेदीदाराला कळत नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. पंपाचे पाणी नितळच होते. विम्याचे काय, हे कोणी सांगू शकेल का? घर १९०० च्या आसपासचे आहे.

सोनटक्का

विम्यापुरते सांगते. एप्रिल २०१६ पासून ‘फ्लड री’ नावाची योजना चालू आहे. तुम्ही नेहमीच्या कंपनीकडे विमा मागायचा आणि ती कंपनी पुराच्या जोखमीचा भाग त्या योजनेकडे सोपवते, त्यामुळे हप्ता आवाक्यात राहतो. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे तीत बसत नाहीत, तुमचे बसेल. ही योजना २०३९ पर्यंतच आहे, तुमचे कर्ज त्यापुढे जात असेल तर ते लक्षात ठेवा. विक्रेत्याला मालमत्तेच्या माहितीचा जो फॉर्म भरावा लागतो, त्यात पूर आला होता का आणि तो कोणत्या प्रकारचा, हे विचारलेले असते. “नदीचे पाणी आले नाही” हे त्याचे उत्तर होत नाही. वकिलाकरवी भूजलाबद्दल नेमके लेखी विचारा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी चॉकच्या बऱ्याच गावांसाठी भूजलाचे वेगळे इशारे काढते, त्या यादीत हे गाव आहे का, हेही पाहून ठेवा.

रानजाई

काल आम्ही पुन्हा गेलो आणि या वेळी एजंटला न कळवता शेजारच्या आजींचे दार वाजवले. त्यांनी चहा दिला आणि तळघरात नेले. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत, एक २००१ची आणि एक २०१४ची, दोहोंत बोटभराचे अंतर. तेव्हाही पंप चालूच होता, असे त्या म्हणाल्या; यंदाचे पाणी अजून दोन पायऱ्या खाली आहे.

नवऱ्याने पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लावतात तशी, वरच्या रेघेची पातळी कुंपणापलीकडे नेली. आम्हाला आवडलेल्या घराचा उंबरा त्या पातळीच्या वीतभर खाली भरला. विक्रेत्याचा फॉर्म अजून यायचा आहे. त्याच गल्लीत चढावर आणखी एक घर विकायला आहे, एक खोली कमी आणि परस नाहीच. शनिवारी नळी घेऊन तिकडे जाणार आहोत.