महाप्रसादाचा कचरा आणि डिझेल मोजायचं कसं?

पेठेतली खजिनदार
नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गणेश मंडळाचा हिशोब यंदा माझ्याकडे आलाय. गेल्या वर्षी आम्ही शाडूची मूर्ती बसवली, विसर्जन पंचगंगेत न करता इराणी खणीत (जुन्या खाणीतल्या पाण्यात) केलं आणि मंडपावर 'पर्यावरणपूरक उत्सव' असा फलक लावला. कौतुक खूप झालं. पण महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कोपऱ्यावर गेले, तर पत्रावळ्या, कागदी ग्लास आणि भाताचा कमरेएवढा ढीग. झाडायला येणाऱ्या मावशी एकट्या तो पोत्यांत भरत होत्या. तासभर मीही भरला. घरी जाताना तो फलक उतरवला.

यंदा फलक लावायचाच तर हातात आकडा हवा. साधारण अडीच हजार माणसं जेवतात, जनरेटर दहा दिवस असतो. मोजायचं काय आणि कशानं? आणि जुनी मंडळी दुखावणार नाहीत अशा बेतानं कमी कसं करायचं?

बुधवार पेठेचा जुना कार्यकर्ता
ताई, फलक उतरवलात हे ऐकून बरं वाटलं. आमच्या तालीम मंडळात गेली तीन वर्षं हे मोजतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळंच मोजायला गेलात तर दुसऱ्या दिवशी वही बंद पडेल. डिझेल, वीज, गॅस, उष्टं आणि फेकायच्या वस्तू, एवढं धरा. लोक पेठेतलेच, चालत येतात, त्यामुळे प्रवासाचा भाग तुमच्याकडे नगण्य. मॅरेथॉन किंवा मोठं संमेलन असतं तर तोच आकडा सगळ्यात मोठा निघाला असता.

डिझेलच्या पावत्या जपून ठेवा. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. गॅसला किलोमागे 3 किलो, म्हणजे 19 किलोची एक टाकी पूर्ण जळली की 57 किलो. विजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो. पहिल्या वर्षी आमचं डिझेल 140 लिटर निघालं, म्हणजे 378 किलो. पुढच्या वर्षी महावितरणची तात्पुरती जोडणी घेतली, जुने हॅलोजन काढून एलईडी लावले आणि जनरेटर फक्त लाईट गेली तरच. डिझेल 20 लिटर, वीज 300 युनिट. दोन्ही मिळून 264 किलो. आवाज गेला, धूर गेला, आणि शेजारच्या आजारी आजींची झोप परत आली, हे मला आकड्याहून मोठं वाटतं. जनरेटर गरजेपेक्षा मोठा आणू नका. लोड नसला तरी तो डिझेल पीतच राहतो.

आता उष्टं. यासाठी ताणकाटा लागतो. हात धुवायच्या जागेशेजारी तीन पिंपं ठेवली: अन्न, पत्रावळ्या, बाकीचं. प्रत्येक पिंपाशी एक पोरगं उभं. रात्री पोती टांगून वजन केलं. दोन हजार माणसांत 160 किलो अन्न, माणशी 80 ग्रॅम. वजन वाचून दाखवल्यावर आमचे सगळ्यात तापट आजोबा गप्प बसले आणि म्हणाले, "हे पोराबाळांच्या तोंडचं गेलं." त्यानंतर कुणी दुखावलं नाही. पुढच्या वर्षी वाढप्यांना सांगितलं की भाताची अर्धी मूद वाढा, आग्रह करू नका, मागितलं की दोनदा वाढा. आचाऱ्याला सांगितलं, शेवटचं पातेलं उरलेल्या रांगेचा अंदाज घेऊनच चढव. कोरडा तांदूळ उरला तर पुढं चालतो, शिजलेला भात रात्रीत आंबतो. गेल्या वेळी 70 किलोवर आलो. अजून जास्तच आहे.

करवीर तालुक्यातला दूधवाला
एक विनंती. उरलेला भात 'जनावरांना घातला' म्हणून कुणी मोकळं होऊ नये. शिळा भात, शिरा, बुंदी एकदम भरपूर खाल्ली की म्हशीच्या पोटात आम्लता वाढते, रवंथ बंद होतं, जनावर दगावतं. माझी एक म्हैस लग्नाच्या पंगतीतल्या भातानं गेली. मूठभर वैरणीत मिसळून दिलं तर चालतं, घमेलंभर नाही. अन्न कंपोस्ट खड्ड्यात घाला, वर कोरडा पालापाचोळा पसरा.

राजारामपुरीची वहिनी
कागदी ग्लासाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो कंपोस्टमध्ये घालायचा नाही. आमच्या हळदीकुंकवाला आम्ही भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून स्टीलचे पेले आणले. वाहत्या नळाखाली न धुता तीन टब लावले: साबण, धुणं, विसळणं. पाणीही टबांवरून मोजता आलं.

पेठेतली खजिनदार
दादा, वहिनी, सगळ्यांचे मनापासून आभार. दूधवाल्या दादांचं तर पाया पडून, कारण गेल्या वर्षी एक पिंप भात आम्ही गोठ्यावर पाठवला होता. कुणाचं काही वाईट झालं नाही ना, हे उद्याच जाऊन विचारणार आहे.

काल बैठकीत जोडणीचा विषय मांडला, मंजूर झाला. ताणकाटा मामांच्या गुऱ्हाळातून आणतेय, सध्या तिथं काम बंद आहे. अडीच हजार पेल्यांना मात्र अध्यक्ष तयार नाहीत, धुणार कोण म्हणतात. वहिनी, तुमच्याकडे एका टबाशी किती जणी होत्या आणि किती पेल्यांनंतर पाणी बदललंत?