न्यू पॅलेसच्या हरणांपाशी: तुमचाही अनुभव सांगा

गेल्या रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याहून कोल्हापूर गाठलं. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, आणि तिथून रिक्षाने न्यू पॅलेस. राजवाडा मेजर मँट यांच्या आराखड्याचा, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला. मला तो काळा घडीव दगड नीट बघायचा होता. सहा वर्षांची लेक मात्र घड्याळाच्या मनोऱ्याकडे ढुंकूनही न बघता हरणांच्या जाळीकडे पळाली.

जाळीला लागूनच एक नर चितळ उभा होता. शिंगांवर तपकिरी मऊ लव. "बाबा, ह्याच्या शिंगांना मखमल लावलीय!" चितळाची शिंगं गळतात, नवी येतात, आणि वाढत असताना त्या लवेखाली रक्त खेळत असतं, असं मी सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मग आपटलं की रक्त येतं?" येतं, म्हणालो. ती गप्प झाली आणि जाळीपासून दोन पावलं मागे सरकली, तो दचकून कुठे आपटू नये म्हणून. आम्ही तासभर तिथेच होतो. तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? लिहा.

*

दादा, आम्ही बावड्याचे. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायचो. एकदा पावसाळा सरल्यावर गेलो तर मोराला पिसाराच नाही! धाकटा भाऊ रडायलाच लागला, कुणी उपटला म्हणून. पिसं दरवर्षी गळतात आणि परत येतात हे बाबांनी घरी पोचेपर्यंत समजावलं, तरी त्याला पटलं नव्हतं.

*

मी माझ्या आजोबांबद्दल लिहिणार आहे. त्यांना घेऊन गेलो तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. आधी आतलं शहाजी छत्रपती म्युझियम पाहिलं. भुसा भरलेल्या वाघांसमोर पोरं आरडाओरडा करत होती. आजोबा मात्र शिकारीच्या वस्तूंपाशी खिळले आणि चित्त्यांचं सांगू लागले. संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. डोळ्यांवर टोपी चढवून चित्त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट नजरेच्या टप्प्यात आलं की टोपी काढायची. हे सगळं त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. आपल्या देशातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. आजोबा म्हणाले, "पाळलं, जीव लावला, आणि तरी राखता आलं न्हाई." बाहेर आल्यावर हरणांपुढच्या कठड्यावर ते बराच वेळ बसून राहिले. मी घरी जाऊया म्हटलं तर म्हणाले, "थांब की जरा, रवंथ करतंय ते." चार महिन्यांनी आजोबा गेले. माझ्यासाठी ती जागा त्यांची आहे.

*

वरचं वाचून पोटात कालवलं. एक कळकळीने सांगते, जाळीतून काही टाकू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईंनी चुरमुऱ्यांची अख्खी पिशवी आत टाकली, आणि हरीण पिशवीच चघळायला लागलं. राखणदार धावत आला म्हणून निभावलं. चितळ रवंथ करणारा प्राणी, प्लॅस्टिक त्याच्या पोटात पडलं की साचून राहतं. पोराबाळांना हौस असते हे मान्य, पण त्यांना नाही म्हणा.

*

दुसरा दिवस हाताशी असेल तर दाजीपूरला जाऊन या. राधानगरीचं हे अभयारण्य गव्यांसाठी राखलं, १९५८ सालापासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं. आम्हाला गवा दिसला नाही. ओल्या मातीत खुराचा एक ठसा मात्र सापडला, माझ्या मुलाचा तळवा आत मावेल एवढा. त्यात पाणी साचलं होतं आणि ते अजून गढूळच होतं. म्हणजे नुकताच गेला असणार! जाळीशिवायचं जनावर कसं असतं हे पोराला त्या ठशाने जेवढं कळलं, तेवढं मला सांगून जमलं नसतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांचं मी लेकीला वाचून दाखवलं. तिने काल चितळाचं चित्र काढलंय. अंगावरचे ठिपके एकेक करून भरलेत, आणि शिंगं आतून लाल रंगवलीत.