गोदामाच्या भिंतीची ओल: सिमेंट नको

ब्राउवर्सग्राख्ट या ॲमस्टरडॅममधल्या कालव्यावरच्या जुन्या गोदामातल्या फ्लॅटची भिंत ओली राहते, त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा आणि आतून फोमचे बोर्ड सुचवलेत. या जुन्या बांधकामात कृपया तसं करू नका. भिंत भरीव विटांची, विटांमधले सांधे चुन्याचे. पावसाचं पाणी ती शोषते आणि दोन्ही बाजूंनी वाळते. आतली बाजू बंद केली की ओल लाकडी तुळयांच्या भिंतीत रुतलेल्या टोकांशी साठते, आणि ती टोकं कुजलेली वरून कळतही नाहीत. ओलावामापकाच्या लांब सुया तुळईच्या लाकडात, टोकाजवळ खुपसून बघा. आकडा सतत २०%च्या वर असेल तर आधी बाहेरचे विटांचे सांधे आणि पन्हळ दुरुस्त करा. मग आतून ५० मिमी कॅल्शियम सिलिकेट बोर्ड (हा ओल शोषून परत सोडतो), मागे पोकळी न ठेवता पूर्ण चिकटवून, वर चुन्याचा गिलावा. रंगही श्वास घेणाराच हवा, प्लास्टिक इमल्शन नको.

घर अजून घ्यायचं असेल तर पायाचा अहवाल मागाच. अशी इमारत सहसा जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर असते. कालव्याची पातळी समुद्रसपाटीच्या साधारण ०.४० मीटर खाली राखतात, पण भूजल खांबांच्या डोक्याखाली गेलं की हवा लागून बुरशी धरते. त्या दुरुस्तीचा खर्च सगळ्या फ्लॅटमालकांत वाटला जातो.