चिंबोरी उकळत्या पाण्यात पाय का गाळते?

खाडीकाठ: जिवंत चिंबोऱ्या (खेकडे) उकळत्या पाण्यात सोडल्या की पाय आणि नांग्या गळतात, आत पाणी शिरून मांस पचपचीत होतं. आधी बर्फात ठेवल्या तर तसं होत नाही. ही वेदना म्हणायची की नुसती प्रतिक्षिप्त क्रिया? आणि बर्फात किती वेळ ठेवायच्या?

दशपाद: पाय गाळणं प्रतिक्षिप्तच. पायाच्या बुडाशी तुटायची ठरलेली रेघ असते. स्नायू आखडला की पाय तिथेच सुटतो आणि आतला पडदा रक्त अडवतो. त्यावरून वेदना सिद्ध होत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा २०१३चा प्रयोग जास्त बोलका आहे. किनाऱ्यावरच्या खेकड्यांना उजेड नकोसा असतो, म्हणून दोन अंधाऱ्या आसऱ्यांपैकी एक निवडायला दिला. एकात विजेचा झटका. दोनदा झटका खाल्लेल्यांपैकी बहुतेकांनी तिसऱ्या वेळी दुसरा आसरा धरला. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेला जागा लक्षात राहत नाही.

नांगी: सरसकट सगळ्याला वेदना म्हणायला मात्र नको. २०१५च्या प्रयोगात लाल क्रेफिशने (गोड्या पाण्यातला, शेवंडीसारखा दिसणारा प्राणी) तापलेल्या वस्तूला जोरात प्रतिसाद दिला. अतिथंड वस्तूला आणि मिरचीतल्या कॅप्सायसिनला काहीच नाही. (तिखट आपल्यालाच लागतं!) जात वेगळी आहे, तरी आधी बर्फ आणि मग आच, हा क्रम त्याच्याशी जुळतो.

कोळंबकर: कृती सांगतो. तीन भाग बारीक बर्फ, एक भाग खारं पाणी (लिटरला ३५ ग्रॅम मीठ). गोडं पाणी नको, ते अंगात शिरतं. पूर्ण बुडवून किमान २० मिनिटं ठेवा, वितळेल तसा बर्फ घालत राहा. मग तपासा: पोटाखालचं झाकण उचलताना विरोध नको, कवचावर टिचकी मारल्यावर डोळे हलायला नकोत. हलले तर परत बर्फात.

त्यानंतर मारायला टोच्या. खेकड्याचे मज्जातंतूंचे मोठे गुच्छ दोन: एक डोळ्यांच्या मागे, दुसरा पोटाच्या झाकणाखाली. झाकण उचलून तिथे टोचा, लगेच पुढच्या बाजूने डोळ्यांमधल्या खळग्यात. दोन्ही मिळून दहा सेकंदांत. एकच टोचलात तर अर्धं अंग जागंच राहतं.

खाडीकाठ: फ्रीझरमध्ये ठेवल्या तर?

कोळंबकर: नको. हवा उष्णता फार सावकाश ओढते, तेवढा वेळ चिंबोरी शुद्धीवर असते. बर्फ-पाणी चहूबाजूंनी चिकटतं, म्हणून लवकर गारठते.