मदत हवी आहे: रानडुकरांसाठी १२ बोअर की .३१५? काडतूस कोणतं?

कातळवाडी
भात पसवलंय आणि रोज रात्री डुकरं शिरतायत. खालचे दोन कुणगे संपले. लोंब्या चावून चोथा थुंकून टाकलाय, उरलेलं लोळून आडवं केलंय. बांधावरचा सुरणही उकरला.
घरात ठासणीची बंदूक आहे. एक बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत कळप पसार, आणि पावसात नुसती केप (ठिणगी देणारी टोपी) वाजते, बार होतच नाही. नवीन घ्यायचं ठरलंय. १२ बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक, की .३१५ रायफल? एकनळी की दोननळी? काडतूस एलजी (मोठे छर्रे), एसजी (त्याहून लहान छर्रे) की बॉल (एकच गोळी)? काका त्यांची जुनी विलायती दोननळी द्यायला तयार आहेत. लवकर सांगा, कापणीला महिनासुद्धा नाही. फटाके, बुजगावणं, जुन्या साड्यांचं कुंपण, सगळं करून झालंय. ते सल्ले नकोत.

देवगडचा दादा
परवाना कोणाच्या नावावर आहे? शेतीसंरक्षण की स्वसंरक्षण? वन खात्याची परवानगी काढलीय का? शेताला लागून घरं किती लांब? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टेक्सासकर
.३०८ रायफल घ्या, डोळे झाकून. इथे मित्राच्या रँचवर आम्ही तीच वापरतो, वर थर्मल स्कोप, अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणारी दुर्बीण. दीडशे यार्डांवरून डुक्कर जागेवर बसतं. छऱ्याच्या बंदुकीने नर नीट पडत नाही, खांद्यावरचं कातडं फार जाड असतं.

बारा बोअर
टेक्सासकर, तुमच्याकडे मैलभर मोकळं रान असतं. कोकणात शेत संपलं की वाडी सुरू. .३१५ ची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढे जाते. रायफल विसरा.
कातळवाडी, दोननळी घ्या. दुसरा बार लगेच हाताशी असतो आणि जखमी नर अंगावर आला तर तोच जीव वाचवतो. काडतूस एलजी. मोजके मोठे छर्रे असतात, तीस मीटरच्या आत खांद्यामागे लागले तर डुक्कर पडतं. त्यापुढे मारूच नका, छर्रे पसरतात, एखादा पोटात बसतो आणि जनावर जाळीत जाऊन दोन दिवस तडफडतं. एसजी पिल्लांना ठीक, मोठ्या नराला नाही.
आणि काकांची बंदूक हातात घेण्याआधी नळीच्या बुडाशी चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी कोरलेली असते ती वाचा. जुन्या विलायती बंदुका बऱ्याचदा ६५ मिमीच्या असतात. त्यात ७० चं काडतूस बसतं, पण उडताना काडतुसाचं तोंड पूर्ण उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. आधी गनस्मिथला दाखवा.

माचाण
एलजीचं एवढं कौतुक नको. दाट भातात डुक्कर अर्धं झाकलेलं असतं. बॉल मारा, एकच गोळी, पण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत भरवशाची. दोननळीत सहसा उजव्या नळीला चोक (तोंडाशी नळी आवळलेली असते तो) कमी असतो, बॉल तिथूनच काढायचा.

बारा बोअर
बॉल कातळावर आपटून कुठे उडेल सांगता येतं का? त्यांचं नावच कातळवाडी आहे!

माचाण
म्हणून तर माळ्यावर बसायचं. वरून खाली बार काढला की गोळी चिखलात जाते. जमिनीवर उभं राहून बॅटरीच्या उजेडात मारणाऱ्यांनी बॉलला हात लावू नये, हे मान्य.

कातळवाडी
परवाना बाबांच्या नावावर, शेतीसंरक्षणाचा. सगळ्यांचे तसेच असतात ना? जवळचं घर शंभर पावलांवर. वन खात्याची परवानगी कशाला? शेत आमचं आहे.

वकील ताई
दादा, इथेच थांबा. शेत तुमचं असलं तरी रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पीक नासवणारं जनावर मारायला कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. अर्ज परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे द्या, सातबारा आणि नुकसानीचे फोटो जोडा. मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता असतं, वाटे घालून खाल्लं तर गुन्हा.
दुसरं, शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती अपुरी पडते हे पटवून दिलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते, नळी किमान वीस इंची हवी. त्या परवान्यावर .३१५ मिळणार नाही. म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.
बाबांचं वय काय? बार कोण काढणार, तुम्ही की ते?

सौरकुंपण
बंदुकीने आजवर कुणाचं शेत वाचलंय? एक मारलं तर आठवड्यात दुसरा कळप येतो. सौर झटका कुंपण लावा, सरळ वीज जोडू नका. उघड्या तारेने माणसं मेली आहेत.

माचाण
त्यांनी कुंपण विचारलेलंच नाही. आणि झटक्याच्या तारेला गवत टेकलं की झटका संपतो. पावसात रोज कोण साफ करणार?

सौरकुंपण
मी करतो. रोज सकाळी.

पुणेरी काकू
माझा एक भाचा अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, तोही मित्रांबरोबर डुकरांच्या शिकारीला जातो. टेक्सासकर, तिथे त्याला बंदूक चालते का?

टेक्सासकर
काकू, जपून. २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुकरं मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही, म्हणून बरेच जण काढतच नाहीत. पण त्याच्यासारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तरच सूट. त्याला ते आधी काढायला सांगा.

देवगडचा दादा
आमच्याकडे खरी अडचण वेगळीच. विधानसभा २०२४ च्या नोव्हेंबरला झाली, ऐन कापणीच्या तोंडावर बंदुका ठाण्यात जमा. आम्ही पातेली वाजवत राखण केली. पिकाच्या दिवसांत शेतकऱ्याची बंदूक काढून घेणं मला पटत नाही, कुणी काहीही म्हणो.

बागायती
माकडांना कुठलं काडतूस चालेल? शहाळी राहत नाहीत.

वकील ताई
कुठलंच नाही.

कातळवाडी
बाबा ७३ वर्षांचे आहेत, डोळ्याला मोतीबिंदू. बार मीच काढतो.

वकील ताई
मग आजवर काढलेत ते आता बंद करा. परवान्यावर तुमचं नाव नसताना ठासणीचीसुद्धा उडवू नका. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर ती वारसाच्या नावावर करता येते, २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. तो अर्ज आणि १२ बोअरचा अर्ज एकत्रच द्या. काकांची बंदूकही परवान्यावर चढल्याशिवाय घरी आणू नका.

कातळवाडी
म्हणजे या हंगामात काही होणार नाही. काकांच्या नळीवर ६५ आहे, आत्ताच त्यांच्याकडे जाऊन बघितलं. ६५ ची एलजी काडतुसं सिंधुदुर्गात कुठे मिळतील का? आणि सौरकुंपण, दोन एकरांना किती तार लागेल ते सांगा.