वाळवंटातले निवांत दिवस आणि तिथलं जेवण: तुमचेही अनुभव लिहा

मागच्या जानेवारीत आम्ही दोघं जैसलमेरला नऊ दिवस राहिलो. एकाच गावात नऊ दिवस म्हटल्यावर मुलीला काळजीच वाटली. तेवढ्यात लोक जयपूर ते उदयपूर सगळं राजस्थान उरकतात. नोकरीत असताना रजा मोजून मोजून आम्हीही तसंच उरकलं होतं, आणि त्यातलं जैसलमेर म्हणजे उंटावरचा एक फोटो, बास. आता हे अडुसष्ट वर्षांचे, मी चौसष्टची, यांचा एक गुडघा बदललेला. म्हणून मुक्काम एकच ठेवला. रोज सकाळी एक छोटी फेरी करायची, दुपारी सावकाश जेवायचं, उन्हं उतरेपर्यंत पडायचं आणि संध्याकाळी गडीसर तलावाच्या काठी जाऊन बसायचं.

सगळ्यात मनात राहिला तो कुलधऱ्याचा दिवस. गावापासून अठरा किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओस पडलेलं गाव आहे. एका रात्रीत गाव सोडून जाताना दिलेल्या शापाची गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो. यांचं लक्ष मात्र वाटेतल्या खडीनाकडे. यांची सगळी नोकरी मृदसंधारणात गेली. खडीन म्हणजे खडकाळ उताराच्या पायथ्याशी घातलेला मातीचा लांबलचक बांध. उतारावरून येणारं पावसाचं पाणी तिथे अडतं, मुरतं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा येतो. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या मुलखात! आमच्या माणदेशातल्या तालींचा हा थोरला भाऊ, असं म्हणत हे बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. नव्या गुडघ्यावर एवढं चालण्याची ती पहिलीच वेळ. मी खाली हरभऱ्याच्या कडेला बसून त्यांच्याकडे बघत होते.

दुपारी गाडीवाल्या दादांनी स्वतःच्या घरी जेवायला नेलं. बाजरीचा जाड सोगरा म्हणजे तिकडची भाकरी, त्यात बोटाने खळगे पाडून भरलेलं तूप, लसणाची चटणी, कढी, गूळ आणि केर-सांगरी. केर म्हणजे तिकडच्या एका काटेरी झुडपाची बोराएवढी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, तिची भाजी मी चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा खाल्ली. दादांच्या आई म्हणाल्या, दुष्काळात सगळं करपलं तरी ही उभी असते. जेवण झाल्यावर अंगणातल्या बाजेवर आम्ही दोघंही तासभर झोपलो. परक्याच्या घरी अशी झोप मला कधी लागली नव्हती.

तुम्ही कोणी निवृत्तीनंतर असे वाळवंटात राहून आला असाल तर जरूर लिहा. वाळवंट कुठलंही चालेल. किती ठिकाणं पाहिली ते राहू दे, दिवस कसा गेला आणि ताटात काय होतं ते सांगा.

*

ताई, आम्ही सोलापूरचे. बँकेत होतो तेव्हा रविवारी नान्नजला माळढोक बघायला जायचो. पुढे पुढे तो दिसेनासा झाला, तरी आम्ही जात राहिलो. निवृत्त झाल्यावर हिला म्हटलं, आता जिथे आहे तिथे जाऊन बघू. तुमच्याच जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कात तीन सकाळी काढल्या. पहिल्या दोन दिवशी चिंकारा दिसले, गिधाडं दिसली, तो नाही. तिसऱ्या दिवशी सेवण गवतात हिला मान दिसली. लांब, पांढरी, डोक्यावर काळी टोपी. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. दोघांपैकी कोणीच दुर्बीण सोडायला तयार नव्हतं. विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात. उडताना समोरचं त्यांना नीट दिसत नाही आणि शरीर जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या माळावर तो परत यावा असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी डब्यात काचरीची, म्हणजे तिकडच्या छोट्या रानकाकडीची चटणी आणि कालच्या भाकऱ्या होत्या. काय खातोय याकडे लक्षच नव्हतं.

*

जोधपूरबद्दल थोडंसं. मेहरानगडावर लिफ्ट आहे, गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी बिनधास्त जावं. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथला विलायती बाभूळ काढून वाळवंटाची मूळ झाडं पुन्हा लावली आहेत. सकाळी उघडल्या उघडल्या जा. नंतर घंटाघराजवळ मिरची वडा. आम्ही दोघांत एक घ्यायचो आणि दुपारचं जेवण अर्धं ठेवायचो.

*

कच्छचं लिहिते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दत्ताची उपासना, दर गुरुवारी औदुंबरला जाणं. त्यामुळे रणाच्या काठावर काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे हे कळल्यावर यांनी भूजची तिकिटंच काढली. डोंगर साधारण ४६० मीटर उंच, कच्छमधला सगळ्यात उंच. आरतीनंतर पुजारी गोड भाताचं ताट घेऊन ओट्यावर जातात आणि "लोंग, लोंग" अशी हाक मारतात. मग कोल्हे येऊन तो प्रसाद खातात. आम्ही दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन आले, इकडेतिकडे न बघता खाऊन गेले. यांनी हात जोडले. खाली पांढरं रण आकाशापर्यंत पसरलेलं. देवळात खिचडी-कढीचा प्रसाद मिळाला, परतताना भिरंडियाऱ्याला बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा ताजा मावा खाल्ला. यांना मधुमेह आहे म्हणून एकच चमचा, पण तो त्यांनी बराच वेळ पुरवला.

एक सांगते, रण पौर्णिमेलाच बघायचं असा हट्ट नको. पौर्णिमेच्या रात्री आम्ही गेलो तर गर्दीत एकमेकांना शोधण्यातच वेळ गेला. दोन दिवसांनी पहाटे पुन्हा गेलो, तेव्हा पायाखाली मीठ करकर वाजत होतं तेवढाच आवाज. भूजमधलं स्मृतिवनही बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांची नावं तिथे वाचत आम्ही खूप वेळ थांबलो. त्या दिवशी मग दुसरीकडे कुठे गेलो नाही.

*

आमचा मुलगा ॲरिझोनात, टूसॉनला असतो. आम्ही जानेवारी ते मार्च त्याच्याकडे जातो. उन्हाळ्यात तिकडे जाण्यात अर्थ नाही, पारा चाळिशीच्या पुढेच. तिथलं वाळवंट वाळूचं नाही, काटेरी झाडांनी भरलेलं आहे. सग्वारो नावाचा निवडुंग दोन-तीन मजली घराएवढा वाढतो, आणि त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. "आपल्या वयाचा आहे, आता कुठे हात फुटतोय," असं ही दर वेळी त्याच्याकडे बघून म्हणते. मुलगा आम्हाला सकाळी उद्यानात सोडतो आणि दुपारी न्यायला येतो. सोबत थालीपीठं, दही आणि टेपरीची उसळ. टेपरी हे तिथल्या ओओदाम या मूळ रहिवासी लोकांचं फार जुनं कडधान्य, अगदी थोड्या पाण्यावर येतं. हिने मोड आणून, गोडा मसाला घालून केली आणि आता दर आठवड्याला होते. या गावाला २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, त्यात अशा पिकांचा मोठा वाटा आहे. पालो वेर्दे म्हणून हिरव्या खोडाचं झाड असतं, त्याच्या विरळ सावलीत बाकावर आम्ही जेवतो. परदेशात मुलाच्या घरी दिवस खायला उठतो, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. आम्हाला त्या बाकाने तारलं.

*

फलोदीजवळच्या खीचनला हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात, गावकरी त्यांना रोज धान्य घालतात. स्थानिक नाव कुरजां. आमच्या सहलीत त्यासाठी वीस मिनिटं ठेवली होती. तेवढ्या प्रवासानंतर वीस मिनिटं! ताई म्हणतात तसं तिथेच राहायला हवं होतं. येत्या डिसेंबरात जातोय, चार दिवस.

*

बिकानेरला जायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. हे गेल्या वर्षी गेले. तिकीट रद्द न करता मी बहिणीबरोबर जाऊन आले. यांना भुजिया फार आवडायची. तिथे गेल्यावर कळलं की ती मोठच्या पिठाची असते, आणि मोठ म्हणजे आपली मटकी. यांच्यासाठी चाळीस वर्षं मिसळीला मटकी भिजवली आणि ही साधी गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती. दुकानात मागे मोठ्या कढईत भुजिया पाडत होते, मालकांनी ती बघायला आत बोलावलं. गरम मूठभर हातावर दिली. उंटांच्या केंद्रावर उंटिणीच्या दुधाचा चहाही घेतला, किंचित खारट लागतो. बहीण सारखी विचारत होती, थकलीस का? थकले नव्हते.

*

सगळ्यांचं आत्ता वाचलं, यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. बिकानेरच्या ताई, तुम्ही गेलात हे फार चांगलं केलंत.

तिघींनी केर-सांगरी कशी करायची विचारलंय. दादांच्या आईंनी सांगितली तशी लिहिते. वाळलेली सांगरी आणि केर वेगवेगळे रात्रभर भिजवा, केर ताकात म्हणजे कडूपणा जातो. सकाळी चार-पाच पाण्यांनी धुवा, वाळू असतेच. मऊ शिजवून पाणी निथळा. तेल जरा सढळ घ्या, त्यात जिरं, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, मग हळद, धणेपूड, तिखट, मीठ, आमचूर. भाजी घालून मंद आचेवर परता, पाणी अजिबात नको. दोन-तीन दिवस चांगली टिकते. बाजरीची भाकरी मात्र नेहमीपेक्षा जाड थापा, नाहीतर तुपाचे खळगे पडत नाहीत.